मनगट, बैठक आणि गेम: बेळगावातल्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

उद्यमबागेतल्या वर्कशॉपची मागची खोली रिकामी केली. काम काय आहे ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं भरकटायला नको. मणक्याला मार बसून मज्जारज्जूला इजा झालेल्या तिघांसाठी गेमचे कंट्रोलर बनवायचे. खेळताना फिजिओ मॅडमनी सांगितलेलाच व्यायाम घडला पाहिजे, भलताच नाही. बाजारातला कंट्रोलर दहाही बोटं चालणाऱ्या माणसासाठी केलेला असतो. आपण आधी माणूस बघायचा, मग त्याचा व्यायाम, आणि गेम शेवटी.

तिघांची नावं इथं येणार नाहीत. एक यळ्ळूरचा पोरगा, वय तेवीस. विहिरीत सूर मारला, पाणी कमी होतं. इजा मानेत, सी-६ पातळीची. (सी म्हणजे मानेतला भाग, टी म्हणजे छातीमागचा; आकडा म्हणजे वरून मोजत शाबूत राहिलेली शेवटची पातळी.) दुसऱ्या खानापूरकडच्या आक्का, पावसाआधी कौलं परतायला छपरावर चढल्या होत्या. टी-१२, इजा अर्धवट. तिसरे चिकोडीकडचे मामा. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, ट्रॅक्टर उलटला. टी-४, इजा पूर्ण. आपल्याकडं मणक्याच्या इजा मुख्यतः उंचावरून पडून आणि गाडीच्या अपघातात होतात. आमच्या तिघांपैकी दोघं त्यातलेच.

तिन्ही घरी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगून टाकली: गेम खेळून मज्जारज्जू जुळत नाही. जे स्नायू अजून मेंदूचं ऐकतात त्यांना बळ देणं, बसण्याचा तोल सुधारणं, आणि तोच तो व्यायाम शेकडो वेळा करायला माणूस आपणहून तयार होणं, एवढंच गेमकडून मागायचं. मामींचा चेहरा उतरला. पण खोट्या आशेवर मला काही उभं करायचं नाही.

२२ जून

यळ्ळूरला गेलो. मॅडमनी पोराचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी हा हात नीट समजून घ्या, मग सोल्डरिंगला बसा."

सी-६ शाबूत असेल तर खांदा उचलतो, कोपर वाकतं आणि मनगट वर करता येतं. कोपर जोरानं सरळ करणारा स्नायू सी-७ चा, बोटं मिटणारे सी-८ चे. ते याच्याकडं नाहीत. तरी हा पोरगा बिस्किटाचा पुडा उचलतो. कसा, ते आज पाहिलं. मनगट वर केलं की तळव्याच्या बाजूच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, ताणल्या जातात, बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. मनगट खाली सोडलं की बोटं उघडतात. बोटांत जोर नाही, पण पकड आहे. डॉक्टर याला टेनोडेसिस म्हणतात. चमचा, ब्रश, मोबाईल, पुढचं सगळं या पकडीवर.

आणि आईचं प्रेम नेमकं इथंच आडवं येत होतं. वळलेली बोटं बघवत नाहीत म्हणून ती रोज खोबरेल लावून, मनगट मागं धरून, एकेक बोट सरळ ओढायची. मॅडमनी तिला शेजारी बसवलं. "काकू, मनगट वर असताना बोटं मिटलेलीच ठेवायची. बोटं सरळ करायचीत तर मनगट आधी खाली सोडायचं. दोन्ही एकदम ताणलं की आतल्या कंडरा ढिल्या पडतात, आणि मग ही पकड राहत नाही." काकूंनी करून दाखवलं, चुकल्या, परत केलं. मग पोरानंच सांगितलं, "आता बरोबर हाय बघ." हे घरोघर सांगायला हवं. मणक्याचा पेशंट घरी असलेल्या किती आया या क्षणी तेल लावून बोटं ओढत असतील.

कंट्रोलरची पहिली अट ठरली: बोटानं दाबायचं काही नाही. मनगट वर, तर फटका. पोराला क्रिकेट हवंय. मित्र संध्याकाळी येतात, मोबाईलवर खेळतात आणि हा त्यांच्या खांद्यावरून बघतो. म्हणून गेम दोघांचा करायचा. मित्रानं साध्या कीबोर्डवरून बॉल टाकायचा, यानं मनगटानं मारायचा.

७ जुलै

हाताच्या पाठीवर एमपीयू-६०५० सेन्सर लावला. हात किती अंशात कलला ते तो सांगतो. पहिल्याच ओव्हरला कळलं की पोरगा मनगट हलवतच नाही. खांद्यातून आख्खा हात उचलतो आणि चौकार मारतो. तो काही लबाडी करत नव्हता. शरीर सोपी वाट धरतं, आणि अशा वाटेनं खांदे लवकर झिजतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला खांदे आयुष्यभर पुरवायचे असतात.

उपाय असा: दुसरा सेन्सर कोपराखाली लावला. हाताचा कोन वजा कोपराखालचा कोन म्हणजे मनगटाचा खरा कोन. आख्खा हात उचलला तर दोन्ही सारखेच कलतात, वजाबाकी शून्य, फटका नाही. असे दोन सेन्सर त्याच वायरींवर वेगळ्या पत्त्यांनी चालतात, एकाची एडी-झीरो पिन वर ओढली की झालं, त्यामुळं जादा भाग लागला नाही. बोर्ड प्रो मायक्रो घेतलाय. तो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख कीबोर्ड किंवा माऊस म्हणून देतो, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. जादा बटणांसाठी साडेतीन मिलिमीटरचे जॅक ठेवलेत. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये अपंगांसाठी काढलेल्या कंट्रोलरच्या पाठीमागं असे एकोणीस जॅक आहेत. उद्या कुणी तो आणून दिला, तर आपली बटणं त्यालाही बसतील.

पट्टा चप्पलवाल्याकडून शिवून घेतला, आतून मऊ फोम, वर वेल्क्रो. पट्ट्याचं टोक कुठं यावं यावर मॅडम अडून बसल्या. पोराला अंगठ्याच्या बाजूनं स्पर्श कळतो, करंगळीच्या बाजूनं कळत नाही. त्वचेतली सी-६ ची हद्द अंगठ्याकडं आहे, सी-८ ची करंगळीकडं. वेल्क्रोचं खरखरीत टोक करंगळीकडं आलं तर घासून कातडी सोलली तरी त्याला पत्ता लागणार नाही. टोक अंगठ्याकडं घेतलं. खेळ संपला की पट्टा काढून कातडी बघायची, आणि लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर तो डाग पूर्ण जाईपर्यंत पट्टा बंद. हे काम पोराच्या बहिणीनं घेतलंय.

१४ जुलै

खानापूरचा फेरा पुढं ढकलला. मलप्रभा भरून चाललीय, आक्कांच्या गावच्या ओढ्यावर पाणी आहे. फोनवर त्यांना विचारलं, कुठला खेळ आवडेल. म्हणाल्या, "मला कुठला खेळ येतोय? मी रांगोळी घालत होते." तेच करूया.

२९ जुलै

आजची तारीख लिहून ठेवण्यासारखी. १९४८ साली याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी सोळा जखमी सैनिकांची, चौदा पुरुष आणि दोन स्त्रियांची, धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्याच दिवशी लंडनला ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. पुढं त्यातून पॅरालिम्पिक झालं. मणक्याच्या पेशंटला खाटेवर ठेवून मरणाची वाट बघायची, असा तो काळ. गुटमन यांनी त्यांना ठरावीक वेळानं कुशीवर वळवायला लावलं, लघवीची काळजी घेतली, आणि खेळ उपचारातच धरला. धनुष्य ओढताना खांदे, पाठ, बसण्याचा तोल, सगळ्याला काम मिळतं. स्क्रीन नवी आहे, विचार तोच.

११ ऑगस्ट

बसण्याच्या तोलासाठी फळी. निन्टेन्डो या गेम कंपनीचा बॅलन्स बोर्ड चार कोपऱ्यांतल्या चार सेन्सरवर चालायचा, आणि जगभरच्या फिजिओंनी तो उभं राहण्याबरोबर बसण्याच्या व्यायामालाही वापरला. आता तो नवा मिळत नाही. त्यातली युक्ती मात्र साधी आहे. वजनकाट्यात असतात तसले पन्नास किलोचे चार लोडसेल घेतले, प्रत्येकाला दोन रेझिस्टर जोडून ब्रिज पूर्ण केला आणि प्रत्येकाला स्वतःचं एचएक्स-७११ कार्ड दिलं, ते सेलवरचा भार आकड्यांत बदलतं. चारी कोपऱ्यांची वजनं कळली की भार नेमका कुठं पडतोय ते कळतं.

पहिल्या चाचणीत गेम अडखळत होता. ही कार्डं जशी येतात तशी सेकंदाला दहाच वेळा मोजतात. वजनकाट्याला ते पुरतं, गेमला नाही. रेट पिन उचलून पाच व्होल्टला जोडली की ऐंशी वेळा. आता आक्का तिरक्या झाल्या की ठिपकाही लगेच सरकतो.

घडीच्या व्हीलचेअरचं रेक्झिनचं बूड झोळीसारखं खचतं. त्यानं कंबर एका बाजूला कलते आणि फळीचे आकडेही चुकतात. खाली बारा मिलिमीटरचा प्लायवूड टाकला, दोन्ही प्रश्न सुटले. क्रम असा: प्लायवूड, त्यावर लोडसेल, त्यावर फळी, फळीवर गादी, गादीवर माणूस. उघड्या फळीवर कुणालाही बसवायचं नाही, मिनिटभरसुद्धा नाही.

२५ ऑगस्ट

आजची नोंद लांब होणार, कारण हा प्रकल्प ज्यावर टिकेल किंवा बुडेल ती गोष्ट आज ठरली.

गेममध्ये जीव रमला की वेळेचं भान राहत नाही. धडधाकट माणूस तशातही नकळत बूड हलवतो, कारण दुखतं. यांना दुखत नाही. तासभर एकाच जागी बसलं तर बसण्याच्या हाडाखालचं मांस दबून राहतं, रक्त पोचत नाही, आणि कातडी वरून ठीक दिसत असताना आतून जखम सुरू झालेली असते. ती भरायला महिने जातात, आणि तेवढे महिने पालथं पडून राहावं लागतं. जो खेळ माणसाला व्यायामाकडं ओढतो तोच त्याला जखमही देऊ शकतो. मॅडमनी हे पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. आज म्हणाल्या, "दर वीस मिनिटांनी भार हलका झालाच पाहिजे. आणि हातावर जोर देऊन दहा सेकंद उचललं, झालं, असं नको. तिथं रक्त परत भरायला दोनेक मिनिटं लागतात."

दोन मिनिटं हातावर उचलून धरणं कुणालाच जमत नाही, खांद्यालाही ते वाईट. त्यापेक्षा पुढं वाकून टेबलावर कोपरं टेकायची, किंवा आलटून पालटून एका बाजूला झुकायचं. यळ्ळूरच्या पोराची पद्धत निराळी: एक हात खुर्चीच्या मागच्या दांडीत अडकवतो आणि त्याच्या आधारानं दुसऱ्या बाजूला झुकतो.

आपल्याकडं तर फळी आहे. मागच्या दोन सेलवरचा भार उतरला की नाही, हे तिला कळतं. मग गजर वाजवून खेळ थांबवण्याऐवजी ती दोन मिनिटं खेळातच घ्यायची. मामांच्या गेममधला उसाचा ट्रॅक्टर दर वीस मिनिटांनी कारखान्यावर पोचतो आणि ऊस उतरवायला लागतो. मामा पुढं वाकलेले असतील तोवरच ट्रॉली रिकामी होते. आधीच मागं टेकले तर उतरणं थांबतं. आक्कांच्या रांगोळीत तेव्हा रंग भरतात. पोराच्या क्रिकेटात ड्रिंक्स. टाळता येत नाही असं केलंय, कारण टाळता आलं तर ते टाळलं जाणारच.

खेळाची वेळही बांधली. लघवी काढायची वेळ चार ते सहा तासांनी येते. ती वेळ आली की बटण नाही, फळी नाही, आधी ते.

५ सप्टेंबर

काल रात्री पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये धरमबीरनं एफ-५१ या बसून फेकणाऱ्यांच्या गटात क्लब थ्रोचं, म्हणजे लाकडी दांडका फेकण्याचं, सुवर्ण घेतलं, ३४.९२ मीटर. रौप्यही आपल्याच प्रणव सूरमाचं. सकाळीच यळ्ळूरहून फोन. "त्यानं पण पाण्यात सूर मारला होता, दादा. कालव्यात." पहिले चार प्रयत्न फाउल गेले आणि पाचव्याला हे अंतर, हे तो मला परत परत सांगत होता. पोरगा एरवी फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही.

संध्याकाळी खेळायला बसला आणि मनगटाचा कोन स्वतःहून वाढवून मागितला. आतापर्यंत वीस अंशांवर फटका लागत होता, आता तीस. मॅडमनी पंचवीस दिलेत. हावरटपणानं स्नायू दमला की तो परत खांदा लावतो.

२९ सप्टेंबर

चिकोडीला मामा खेळताना मध्येच म्हणाले, डोकं ठणकायला लागलंय. कपाळावर घाम, चेहरा लाल. खोलीत पंखा चालू. मॅडम उठल्याच. "गेम बंद. मामा, ताठ बसा, पाय खाली सोडा." मामींनी कमरेचा पट्टा सैल केला. ब्लडप्रेशरचं मशीन लावलं, वरचा आकडा त्यांच्या रोजच्यापेक्षा कितीतरी वर. मॅडमनी लघवीची नळी पिशवीपासून वरपर्यंत बोटांनी चाचपत नेली. मांडीखाली लुंगीच्या घडीत नळी दुमडली होती. मोकळी केली, पिशवीत धार आली आणि थोड्या वेळात मामांचं डोकं उतरलं. आकडा खाली येईपर्यंत मशीन काढलं नाही.

इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर हा धोका कायम असतो. भरलेलं मूत्राशय, तुंबलेलं पोट, पायाला रुतणारी वस्तू, शरीर खालून ओरडत असतं, ते मेंदूला कळत नाही, आणि रक्तदाब मात्र चढत जातो. या माणसांचा रोजचा वरचा आकडाच ९० ते ११० च्या घरात असतो, म्हणून वीस-चाळीसनं चढला तरी तो धोकाच. कारण सापडलं नाही किंवा आकडा उतरला नाही तर थेट दवाखाना. पक्षाघात होऊ शकतो.

त्यामुळं आता गेम उघडला की पहिल्यांदा एक पान येतं: नळी सरळ आहे का, पिशवी रिकामी आहे का, पट्टे सैल आहेत का. घरच्या माणसानं तिन्हीला हो म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. हे मामांना आणि यळ्ळूरच्या पोराला. आक्कांची इजा खाली आहे, त्यांना हा धोका नाही, पण नळीचं पान त्यांनाही ठेवलंय.

२० ऑक्टोबर

मामांच्या तक्रारींवर काम केलं. "दोन ट्रॉल्या अशा वळत्यात व्हय? मागची आत कापत येत्या." खरं आहे. वळण घेताना मागची ट्रॉली आतल्या अंगानं येते, तसं केलं. आता वळायला आधीपासून आणि जास्त कलावं लागतं, त्यामुळं तोल सांभाळण्याचं काम आपोआप वाढलं. छातीखालचे स्नायू मामांच्या ताब्यात नाहीत. डोकं आणि खांदे कलवून ते तोल साधतात, एक हात टेबलावर. ज्या ट्रॅक्टरखाली सापडले तोच स्क्रीनवर नको, असं मामींचं म्हणणं होतं. मामांनीच तो मागितला. वीस वर्षं केलेल्या कामातलं त्यांना सगळं माहीत आहे आणि दुसऱ्याला सांगण्यासारखं आहे, हे त्यांच्या बोलण्यातून जाणवतं.

सूचनांचा आवाज मराठी आणि कन्नड दोन्ही ठेवला. मामींचं माहेर गोकाककडचं, त्यांना कन्नड सोयीचं. "मुंदक्के बग्गि", म्हणजे पुढं वाका, मॅडमच्या आवाजात रेकॉर्ड झालं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. आक्कांकडं गेलो. ठिपक्यांची रांगोळी आता कडेपर्यंत जाते. गेम सुरू केला तेव्हा मधले ठिपके तेवढे जमत होते. कडेच्या ठिपक्यासाठी कलायचं म्हणजे पडायची भीती, आणि त्या भीतीनं अंग लाकडासारखं व्हायचं. भाऊ खुर्चीमागं उभा असायचा. आता तो शेजारी बसून चहा पितो. उजवीकडचे ठिपके पटापट लागतात, डावीकडचे अजून हळू. आकड्यांतही तेच दिसतं, भार डावीकडं नेताना त्या अर्ध्यावरून परत येतात. मॅडमनी डावीकडं जास्त ठिपके घालायला सांगितलेत. अर्धवट इजेत पहिल्या वर्षात जितकं काम घेऊ तितकं पदरात पडतं, आणि आक्कांचं वर्ष अजून व्हायचंय.

या दिवाळीला दारात रांगोळी त्यांनीच सांगून भाचीकडून घालून घेतली, स्क्रीनवर बसवलेला नमुना. नमुना फोटो काढून शेजारच्या चार घरांनी नेला.

१८ जानेवारी २०२५

काल राष्ट्रपती भवनात मुरलीकांत पेटकरांना अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला, पेठ इस्लामपूरचा माणूस. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सुवर्णानंतर इतक्या वर्षांनी. असं व्हायला नको होतं.

यळ्ळूरची बातमी: क्रिकेट मागं पडलंय. पोरानं विचारलं, हा पट्टा माऊस म्हणून चालेल का. चालतोच, बोर्डाला फक्त माऊस व्हायला सांगायचं. हाताच्या कलण्यानं बाण सरकतो, मनगट वर केलं की क्लिक. गेममध्ये मनगट किती वेळा, किती हलकं, किती पटकन, हे इतकं बसलंय की माऊस त्याला शिकवावा लागला नाही. आता गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो, यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचे सुद्धा. मामांचं कार्ड त्यानंच भरून दिलं. कन्नड पानावर अडला की मामींना फोन.

मॅडमनी मोजलं. मनगट वर धरून ठेवण्याचा जोर वाढलाय, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली तो आता दोन्ही मनगटांत धरून तोंडापर्यंत नेतो. बोटांत काही बदल नाही. होणारही नव्हता, आणि ते त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी

मामांची गादी बदलायला झालीय, फोम बसलाय. फळीच्या आकड्यांतच ते दिसलं: त्याच माणसाचा भार पूर्वी पसरून पडायचा, आता दोन ठिकाणी टोचून पडतो. नवी येईपर्यंत खेळाची वेळ निम्मी.

निपाणीहून एका घरचा फोन आला, तिथला मुलगा सी-५ आहे. त्या पातळीला मनगट वर होत नाही, त्यामुळं यळ्ळूरचा पट्टा त्याला नुसता पाठवून चालणार नाही. कोपर वाकवणं आणि खांदा, एवढंच हाताशी आहे. मॅडम बुधवारी बघायला जाणार आहेत. त्यांनी हात बघितल्यावर सेन्सर कुठं लावायचा ते ठरेल. तोवर यळ्ळूरच्या पोराचा डाव्या हाताचा पट्टा शिवायला टाकलाय, वेल्क्रोचं टोक अंगठ्याकडं, असं चप्पलवाल्याला कागदावर काढून दिलंय.